डिश मोठी लावून स्पीड वाढत नसतोय

पेट्रोल पंपवाले असोत, पतसंस्थेचे मॅनेजर असोत नाहीतर गगनबावड्याकडं रिसॉर्ट काढलेली मंडळी असोत, सॅटेलाईटचं नेट बसवायला गेलं की एक प्रश्न ठरलेला असतोय, "जरा मोठी डिश लावा की, स्पीड वाढंल." मी व्हीसॅटच्या, म्हणजे छोट्या डिशवरच्या सॅटेलाईट नेटच्या, फील्डमध्ये काम करतो, कोल्हापूर जिल्हा आणि घाट उतरून वैभववाडीपर्यंत फिरणं असतंय, आणि हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की म्हटलं एकदा बैजवार लिहूनच टाकावं. गेल्या वीसेक वर्षांत सॅटेलाईटचा स्पीड खरंच लै वाढलाय, पण तो वाढलाय सिग्नल पाठवायच्या पद्धतीमुळं. आणि माझं ठाम मत असं आहे की ह्या सगळ्या पद्धतींची परीक्षा जुलै महिन्यात घाटमाथ्यावर होते, मार्चच्या उन्हातला आकडा काय कुणीपण दाखवतंय.

आधी पॉवरचं आणि डिशचं बघू. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन ह्या गणितज्ञानं एक सूत्र मांडलं, एखाद्या चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट बिनचूक जाऊ शकतात त्याचं. बँडविड्थ, म्हणजे वापरायला मिळालेली फ्रिक्वेन्सीची रुंदी, वाढवली तर स्पीड सरळ त्या प्रमाणात वाढतो, पण सिग्नलची ताकद वाढवली तर तो लॉगरिदमच्या हिशोबानं वाढतो, म्हणजे खूपच हळू. आकड्यात सांगतो. सिग्नल जर नॉइजच्या, म्हणजे सोबत येणाऱ्या खरखरीच्या, दहापट असेल तर एका हर्ट्झमागे साधारण ३.४६ बिट मिळतात. आता पॉवर दुप्पट करा, सिग्नल वीसपट झाला, तरी मिळतात ४.३९. म्हणजे दुप्पट वॅट खर्च करून हातात आलं सत्तावीस टक्के. पुन्हा दुप्पट केलं तर त्याहून कमी. आणि वरती सॅटेलाईटवर एकेक वॅट सोलर पॅनलमधनं येतोय, त्याचं वजन, त्याची उष्णता, सगळं रॉकेटच्या भाड्यात धरावं लागतंय. मोठी डिश पण हेच करते, सिग्नल आणि नॉइजमधलं अंतर वाढवते, त्यामुळं तिचा फायदापण त्याच लॉगरिदममध्ये अडकतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नरजवळ आर्वीला भूकेंद्र सुरू झालं तेव्हा तिथं जवळपास तीस मीटरची डिश लागली होती, आज आम्ही पतसंस्थेच्या गच्चीवर १.२ मीटरची डिश लावून काम भागवतो. मोठी डिश मी पण लावतो, नाही असं नाही, पण ती पावसासाठी मार्जिन म्हणून.

कोल्हापूरकरांसाठी एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. इस्रोचा जीसॅट-११ हा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि आपलं कोल्हापूर ७४.२ च्या आसपास. म्हणजे तो आपल्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला आहे आणि क्षितिजापासून सत्तर अंशाच्या वर, म्हणजे पार डोक्याजवळच. ऑफसेट डिश (जिचा रिसीव्हर मधोमध नसून एका कडेला असतो) असल्यामुळं ती बघणाऱ्याला तेवढी वर बघतीय असं वाटत नाही, पण बघत असते. ह्याचा फायदा असा की सिग्नलला पावसाच्या ढगातनं कमी अंतर कापावं लागतंय. युरोपात उत्तरेकडं उपग्रह क्षितिजाला टेकलेला असतो, तिथं सिग्नल ढगातनं आडवा येतो. आपल्याला तो सरळ वरनं येतोय. पण आपला पाऊसपण तसाच आहे, त्यामुळं हा फायदा गगनबावड्यात गेल्यावर बराचसा धुऊन निघतो.

थेंब काही मिलिमीटरचा असतो. सी बँडवर, चार गिगाहर्ट्झला, लहर साडेसात सेंटीमीटरची, तिला थेंबाचं फारसं काही वाटत नाही. केयू बँडवर बारा गिगाहर्ट्झला ती अडीच सेंटीमीटर होते आणि केए बँडवर वीस-तीस गिगाहर्ट्झला दीड-एक सेंटीमीटर. लहर जेवढी थेंबाच्या मापाजवळ येते तेवढी ती पावसात शोषली जाते आणि विखुरते. आणि बँडविड्थ मात्र सगळी वरच्या बँडमध्येच मोकळी आहे. ज्याला स्पीड पाहिजे त्याला पावसाशी गाठ घालावीच लागते, त्यातनं सुटका नाही.

मागच्या पावसाळ्यात गगनबावड्यात एका पतसंस्थेच्या शाखेत मेंटेनन्सला गेलो होतो. लॅपटॉपवर मॉडेमचं पान उघडून बसलेलो. त्या पानावर एक आकडा असतो, सिग्नल किती स्वच्छ येतोय त्याचा, आम्ही त्याला ईएस-नो म्हणतो, डेसिबलमध्ये. सकाळी तो बाराच्या वर होता आणि शेजारी मॉडकॉडच्या, म्हणजे सिग्नलमध्ये बिट कुठल्या पद्धतीनं भरलेत त्याच्या, रकान्यात १६एपीएसके तीन चतुर्थांश दिसत होतं. म्हणजे एका सिम्बॉलमध्ये, सिग्नलच्या एका ठोक्यात, चार बिट, त्यातले तीन कामाचे आणि एक चूक दुरुस्तीसाठीचा, एका हर्ट्झमागं साधारण २.९७ बिट. मग करूळ घाटाकडनं ढग वर आले. बाहेर समोरचं दुकान दिसायचं बंद झालं आणि आकडा नऊवर आला, मॉडकॉड बदलून ८पीएसके झालं, सिम्बॉलमागं तीन बिट. मग सहा. मग तीनच्या पण खाली, आणि रकान्यात क्यूपीएसके एक द्वितीयांश, सिम्बॉलमागं दोन बिट आणि त्यातला एकच कामाचा, एका हर्ट्झमागं एक बिटपण पुरता नाही. स्पीड सरळ एक तृतीयांशावर आला. शिपाईमामा पाणी झटकत आत आले आणि म्हणाले, "गेलं न्हवं नेट?" म्हटलं, "गेलं न्हाई मामा, हळू झालंय." काउंटरवर एक आज्जी पेन्शन काढत होत्या, त्यांचं काम झालं, पासबुकावर एंट्री पडली, कुणाला काही कळलंपण नाही. दहा-पंधरा मिनिटांत सर ओसरली आणि आकडा परत चढला, मॉडकॉडपण आपोआप पायरी-पायरीनं वर गेलं.

ह्याला ॲडॅप्टिव्ह कोडिंग अँड मॉड्युलेशन म्हणतात, आम्ही नुसतं एसीएम म्हणतो. पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजायला लागला की आपण सावकाश आणि एकेक शब्द सुटा करून बोलतो, तसंच हे. माझं मॉडेम सतत हबला, म्हणजे सगळ्या साईट जोडलेल्या मुख्य केंद्राला, कळवतंय की मला सिग्नल असा असा येतोय, आणि हब त्या हिशोबानं माझ्यासाठीच्या फ्रेमची भाषा बदलतंय. ह्यातली खरी कमाल मला ही वाटते की एकाच कॅरियरवर (सिग्नल वाहून नेणाऱ्या एकाच लहरीवर), एकाच वेळी, इचलकरंजीतल्या साईटला १६एपीएसके जात असतंय कारण तिथं ऊन आहे आणि गगनबावड्याला क्यूपीएसके. प्रत्येक फ्रेम वेगळी. पूर्वी ही सोय नव्हती तेव्हा सगळ्या नेटवर्कची सेटिंग सगळ्यात वाईट पावसाच्या हिशोबानं धरायची, म्हणजे वर्षाचे आठ-नऊ महिने कोरड्या हवेत निम्म्याहून जास्त क्षमता अशीच वाया जायची. घरच्या डीटीएचला आजपण हे करता येत नाही, कारण तिथं एक सिग्नल लाखो घरांना एकदमच जातोय आणि घरातनं वर काहीच कळवलं जात नाही. म्हणून धो-धो पावसात टीव्हीवर आधी चौकोन-चौकोन येतात आणि मग एकदम नो सिग्नल. तिथं हळू होणं हा प्रकारच नाही, असतंय तरी नाहीतर जातंय तरी.

आता त्या चूक दुरुस्तीच्या बिटांबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी उडी तिथं पडलीय आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातंय. शॅनननं मर्यादा सांगितली होती, तिथपर्यंत पोचायचं कसं ते सांगितलं नव्हतं. १९६० मध्ये एमआयटीत रॉबर्ट गॅलागर नावाच्या विद्यार्थ्यानं पीएचडीच्या प्रबंधात एलडीपीसी नावाचे कोड मांडले. कल्पना जबरदस्त होती पण त्या काळच्या कॉम्प्युटरला ते गणित झेपणारं नव्हतं, त्यामुळं तीसेक वर्षं ते जवळपास विस्मरणातच गेलं. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये क्लॉद बेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्बो कोड आणले आणि शॅननच्या मर्यादेच्या अगदी जवळ जाता येतंय हे दाखवलं, आणि त्या गडबडीत नव्वदच्या दशकाच्या मध्यात डेव्हिड मॅके आणि रॅडफर्ड नील ह्यांनी गॅलागरचे कोड पुन्हा वर काढले. २००५ मध्ये सॅटेलाईटवरनं डेटा पाठवायचं डीव्हीबी-एस२ हे स्टँडर्ड आलं त्यात हेच एलडीपीसी बसले, ६४,८०० बिटांचा एकेक ब्लॉक. एकेक बिट कित्येक समीकरणात गुंतलेला असतो आणि मॉडेम तीच-तीच समीकरणं पुन्हा-पुन्हा फिरवून, कुठला बिट चुकलाय ते शोधत जातं. शॅननच्या मर्यादेपासून अंतर राहिलं साधारण एक डेसिबल किंवा त्याहून कमी. जुन्या डीव्हीबी-एसपेक्षा तीसेक टक्के जास्त डेटा, तेवढ्याच बँडविड्थमध्ये, तेवढ्याच पॉवरमध्ये. वर उपग्रह तोच, खाली डिश तीच. साठहून जास्त वर्षं जुना प्रबंध आज आपल्या तालुक्याच्या ठिकाणच्या पतसंस्थेत चालतोय, हे आठवलं की मला आपल्या कामाबद्दल लै अभिमान वाटतो.

आता सिम्बॉलची मांडणी. कागदावर काढली तर प्रत्येक वेगळ्या सिम्बॉलचा एक ठिपका, आणि १६एपीएसके मध्ये हे ठिपके दोन वर्तुळात मांडलेले असतात, आत चार आणि बाहेर बारा. ३२ असेल तर तीन वर्तुळं, चार-बारा-सोळा. वायफायमध्ये असते तशी चौकोनी जाळी इथं का नाही, तर वरच्या ट्रान्सपाँडरचा (उपग्रहावर सिग्नल झेलून परत खाली पाठवणाऱ्या यंत्राचा) ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीच्या जवळ चालवावा लागतो आणि तिथं तो सरळ वागत नाही, कोपऱ्यातले उंच ठिपके दाबून टाकतो. वर्तुळात मांडले की पॉवरच्या पातळ्या मोजक्याच राहतात, मग ते दाबणं आधीच हिशोबात धरून उलटं वाकवून पाठवता येतं. २०१४ मध्ये डीव्हीबी-एस२एक्स आलं त्यात हे २५६ ठिपक्यांपर्यंत गेलं, आणि त्यात आणखी एक गोष्ट सुधारली ती म्हणजे रोल-ऑफ, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना सोडावी लागणारी उताराची जागा. जुन्या पद्धतीत ती ३५ टक्के होती, आता पाचपर्यंत आणता येते. ३६ मेगाहर्ट्झचा ट्रान्सपाँडर धरला तर पूर्वी त्यात सेकंदाला २.६७ कोटी सिम्बॉल बसायचे, आता ३.४३ कोटी बसतात.

हे झालं एका हर्ट्झमध्ये जास्त बिट भरणं. दुसरा रस्ता म्हणजे तोच हर्ट्झ पुन्हा-पुन्हा वापरणं. जुने उपग्रह एकच मोठा बीम सगळ्या देशावर टाकायचे, म्हणजे एक फ्रिक्वेन्सी श्रीनगरला दिली की ती कन्याकुमारीलापण अडकली. आता छोटे-छोटे स्पॉट बीम टाकतात, शेजारच्या बीमला वेगळी फ्रिक्वेन्सी किंवा वेगळं पोलरायझेशन द्यायचं आणि दोन बीम सोडून पुढं तीच फ्रिक्वेन्सी परत वापरायची. ५ डिसेंबर २०१८ ला फ्रेंच गयानामधनं एरियन-५ नं सोडलेला जीसॅट-११ तसाच आहे, ५,८५४ किलोचा, वापरणाऱ्यांसाठी केयू बँडचे ३२ बीम आणि हबसाठी केए बँडचे आठ, क्षमता १६ गिगाबिट. त्यानंतर १९ नोव्हेंबर २०२४ ला फाल्कन-९ वरनं गेलेला जीसॅट-एन२, ४,७०० किलोचा, म्हणजे वजनानं हलका, पण क्षमता ४८ गिगाबिट, कारण तो सगळा केए बँडवर आहे. त्याच्या ३२ बीममधले आठ अरुंद बीम ईशान्य भारतावर आहेत आणि उरलेले चोवीस रुंद बीम बाकी देशावर. वजन कमी होऊन क्षमता तिप्पट, ह्यातच कळतं की पॉवरच्या मागं लागण्यात अर्थ नाही. पण केए म्हणजे पाऊस जास्त जाचणार, आणि आपल्या घाटमाथ्यावर एसीएमशिवाय त्याचं काही खरं नाही.

आता हे सगळं जमलं, आकडा बारा, मॉडकॉड वरचं, तरी "साहेब नेट स्लो आहे" असा फोन येतो. हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय. कारण उपग्रह आपल्यापासून ३६,१०० किलोमीटरवर आहे. वर जाऊन हबला उतरायला पाव सेकंद, उत्तर यायला पाव सेकंद, आणि मधलं प्रोसेसिंग धरून सहाशे मिलिसेकंद कुठं गेले नाहीत. टीसीपी, म्हणजे नेटवर डेटा पोचवायची ठरलेली पद्धत, पोच येईपर्यंत ठराविकच डेटा सोडतं. जुनी सेटिंग असली तर ती विंडो ६४ केबीची असते, आणि ६४ केबी दर सहाशे मिलिसेकंदाला म्हणजे सेकंदाला ०.८७ मेगाबिट. लिंक दहा मेगाबिटची असू दे नाहीतर शंभरची, एका कनेक्शनला एक मेगाबिटपण मिळणार नाही. त्यावर उपाय म्हणून मॉडेममध्ये आणि हबमध्ये ॲक्सिलरेशन असतंय, ते पोच इथल्या इथंच देऊन टाकतं आणि मधल्या अंतराचं ओझं स्वतः सांभाळतं.

पण एका बँकेच्या शाखेत असं झालं की सिग्नल एकदम ओके आणि कोअर बँकिंगची स्क्रीन उघडायला मिनिट लागायचं. त्यांच्या आयटीवाल्यांनी राउटरवर व्हीपीएन चढवलेला, सगळा डेटा मॉडेमकडं यायच्या आधीच कुलूपबंद. मग मॉडेमला आत टीसीपी आहे का काय आहे ते दिसतच नाही, ते पोच देणार कशाची. ॲक्सिलरेटरचा डबा व्हीपीएनच्या अलीकडं, शाखेच्या बाजूला आणि तसाच डेटा सेंटरच्या बाजूला बसवल्यावर तीच स्क्रीन चटकन उघडायला लागली. त्याआधी कित्येक महिने ते लोक डिश बदला म्हणून भांडत होते. कुणी एकानं पूर्ण मार्ग टोकापासून टोकापर्यंत बघितला असता तर त्या शाखेतल्या लोकांचा एवढा त्रास वाचला असता, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंतरच कमी करायचं तर उपग्रह खाली आणायचे. स्टारलिंकचे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, वनवेबचे बाराशेवर, आणि वनवेबचे ३६ उपग्रह ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि आणखी ३६ मार्च २०२३ मध्ये आपल्या एलव्हीएम३ नंच श्रीहरिकोट्यावरनं सोडले. पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, सहाशेवरनं तीस-चाळीस मिलिसेकंदावर येतो, टीसीपीचं दुखणं जवळजवळ जातंच. पण मग उपग्रह एका जागी उभा राहत नाही, सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतोय, काही मिनिटांत डोक्यावरनं निघून जातोय. म्हणून तिथं आमच्यासारखी स्क्रू आवळून एका दिशेला बसवलेली डिश चालत नाही, फेज्ड अरे लागतो, एका सपाट पाट्यावर शेकड्यांनी बारीक अँटेना आणि प्रत्येकीच्या सिग्नलला किंचित पुढं-मागं करून बीम वळवायचा, पाटा न हलवता. शिवाय पळण्यामुळं केयू बँडची फ्रिक्वेन्सीच अडीच लाख हर्ट्झच्या आसपास सरकते, ती प्रत्येक क्षणी दुरुस्त करत राहायची. उपग्रहा-उपग्रहांमध्ये आता लेझरनं डेटा जातोय, आणि नासाच्या टीबर्ड नावाच्या छोट्या उपग्रहानं २०२३ मध्ये जमिनीपर्यंत लेझरनं २०० गिगाबिटचा वेग काढून दाखवला. पण लेझरला ढग अजिबात चालत नाही, म्हणून आपल्या पावसाळ्यात तो वरच्यावर, उपग्रहांमध्येच बरा. जमिनीवर उतरायला रेडिओच पाहिजे.

मला हे सगळं एवढं का महत्त्वाचं वाटतं ते कोल्हापूरच्या लोकांना समजावून सांगायला नको. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ आणि २०२१ ला पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवेच बंद झाला. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर येतो आणि बॅटरी संपली की टॉवरपण जातो, पुलाच्या कडंनं गेलेली फायबर वाहून जाते. त्या वेळी गच्चीवरची डिश आणि एक इन्व्हर्टर एवढ्यावर जिथं लिंक चालू राहते तिथं बोटी मागवता येतात, औषधं कळवता येतात. तिथं कुणी शंभर मेगाबिट मागत नाही, पण मुसळधार पावसात एक मेगाबिट तरी टिकलं पाहिजे, आणि ते एसीएम आणि एलडीपीसीमुळंच टिकतंय.

म्हणून नवीन कनेक्शन घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की "अप टू" अमुक मेगाबिट ह्या आकड्यावर जाऊ नका. ते क्यूपीएसकेवर उतरल्यावर किती देणार ते विचारा, किमान खात्रीचा स्पीड किती तो विचारा, बँड केयू का केए ते विचारा, व्हीपीएन असेल तर ॲक्सिलरेशन कुठं बसणार ते विचारा, आणि हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात टेक्निशियनला बोलावून एलएनबी आणि बीयूसीच्या (डिशवरच्या सिग्नल घेणाऱ्या आणि पाठवणाऱ्या डब्यांच्या) कनेक्टरवरची टेप नवीन गुंडाळून घ्या. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की दोन-तीन डेसिबल तिथंच जातात, आणि जुलैमध्ये तेवढ्यावरच लिंक असती का नसती ते ठरतंय.